मातीला ‘कच्ची’ कोणी ठरविले?

शासकीय दप्तरात घरांच्या ढोबळमानाने दोनच जाती आहेत. ‘कच्चे’ आणि ‘पक्के’. मातीची भिंत दिसली की घर कच्चे, सिमेंटचा हात फिरला की पक्के! ती भिंत किती भार पेलते, वैशाखात तिच्याआड किती गारवा राहतो, ती उभारण्यास किती कोळसा जळाला, हे विचारण्याची गरज शिक्का मारणाऱ्यास वाटत नाही. खेदाची गोष्ट ही की हे सारे मोजून झालेले आहे, आणि तेही आपल्याच देशातील प्रयोगशाळांत.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. प्रा. के. एस. जगदीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे स्थिरीकृत मातीच्या विटेवर अनेक वर्षे काम केले. योग्य प्रतीच्या मातीत वाळू आणि थोडे सिमेंट वा चुना मिसळावयाचा, ते मिश्रण यंत्रात दाबावयाचे आणि काही आठवडे पाणी मारून मुरू द्यावयाचे. भट्टी नाही, धूर नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 6 टक्के सिमेंटच्या अशा विटेस भाजलेल्या विटेच्या सुमारे एक चतुर्थांश ऊर्जा पुरते, असे दाखविलेले आहे. या विटेसाठी भारतीय मानकही आहे. ते 2013 साली सुधारण्यात आले. म्हणजे शास्त्र आहे, मोजमाप आहे, शासनमान्यता आहे. मग अडते कोठे?

अडते ते आमच्या मनात आणि आमच्या दरसूचीत. सरकारी अंदाजपत्रक दरसूचीवरून होते. ज्याचा दर नाही त्याचे अंदाजपत्रक नाही, आणि ज्याचे अंदाजपत्रक नाही ते बांधकाम कागदावरही उभे राहत नाही. कनिष्ठ अभियंत्याला दोष देऊन काय उपयोग? चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात त्याने काँक्रीटचा सांगाडा शेकडो वेळा सोडविला. मातीच्या भिंतीचे गणित त्याच्यापुढे क्वचितच आले. जे शिकविलेच नाही त्याखाली तो सही कशी करील?

मातीच्या विरोधकांच्या हाती एक भयंकर साक्ष आहे, ती टाळून चालणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादची (आजचे धाराशिव) गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. सुमारे 8 हजार माणसे गेली. ‘मातीने मारले’ हा निष्कर्ष मराठवाड्याच्या मनावर तेव्हापासून कोरला गेला. पण त्या भिंतींची रचना पाहा. अडीच-तीन फूट जाडीची दगडी भिंत, तिची आतली-बाहेरची अंगे सुटी, मध्ये चिपा आणि माती भरलेली, आणि डोक्यावर माळवदाचा प्रचंड भार. दोन्ही अंगे सांधणारे आरपार दगड नाहीत, भिंतींना चहूबाजूंनी बांधून ठेवणारा पट्टा नाही. धक्का बसताच अंगे फाकली आणि माळवद खाली आले. दोष साहित्यापेक्षा बांधणीचा होता. भूकंपात माती आणि दगडाची बांधणी कशी टिकवावी, याची मानके त्याच 1993 सालची आहेत. ती गावच्या गवंड्यापर्यंत नेण्याचे काम कोणाचे होते?

येथे आपल्या बाजूच्या उत्साही मंडळींनाही दोन शब्द ऐकविणे भाग आहे. ‘आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ एवढे म्हणून भागत नाही. वाड्याची भिंत थंड असे हे खरे. परंतु परंपरेचा अभिमान म्हणजे तिची परीक्षा टाळणे नव्हे. बंगळुरूची तांबडी माती आणि विदर्भाची काळी कापसाची माती एक नाहीत. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते. तिला सिमेंटपेक्षा चुना मानवतो. बंगळुरूचे सूत्र यवतमाळला जसेच्या तसे चालणार नाही. कोकणात जांभा, देशावर बेसॉल्ट, वऱ्हाडात काळी जमीन. प्रत्येकाचा स्वतंत्र अभ्यास हवा. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञान-पर्यायांचे केंद्र 1985 पासून आहे. आमची बाकीची विद्यापीठे मात्र शोधनिबंधांची संख्या मोजण्यात दंग आहेत.

स्वदेशी म्हणजे दारे लावून घेणे नव्हे. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती मिसळून क्लिंकरचे प्रमाण निम्म्यावर आणणारे सिमेंट दिल्ली, मद्रास, मुंबईच्या आयआयटींनी स्वित्झर्लंड आणि क्युबातील संशोधकांसह अभ्यासले. क्लिंकरला साडेचौदाशे अंश तापमान लागते, या मातीस सातशे-आठशे पुरते. कार्बन 30 ते 40 टक्क्यांनी घटतो. 2023 साली त्याचेही भारतीय मानक आले. आणि आम्ही? थंड देशांना शोभणाऱ्या काचेच्या इमारती पुण्याच्या उन्हात उभ्या करतो, आत शिरलेली उष्णता वीज जाळून बाहेर फेकतो, आणि वर ‘हरित’ असल्याची पाटीही लावतो!

राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने एवढे तरी करावे: जिल्ह्याजिल्ह्याची माती तपासून घ्यावी, जेथे ती योग्य ठरेल तेथे दाबलेल्या विटेचा दर दरसूचीत ठळकपणे द्यावा, आणि पहिली इमारत स्वतःच्याच उपविभागीय कार्यालयाची बांधावी. तेथे साहेबांनी पंख्याखाली एक उन्हाळा काढला की ‘कच्चे’ कोणते, याचा निवाडा त्यांनाच करू द्यावा.