जपानी ताट, कोकणची मासळी आणि आपला व्यापार

जे आपल्या ताटात येत नाही ते अन्नच नव्हे, असा एक समज आपल्या मंडळींत खोलवर रुजलेला आहे. जपानी लोक कच्चा मासा खातात, समुद्रातले शेवाळ भाताभोवती गुंडाळतात, ऑक्टोपस चवीने चघळतात, असे कोणी बैठकीत सांगितले की चार जण तोंड वाकडे करतात. हेच चार जण घरी गेल्यावर सुक्या बोंबलाचे कालवण आणि कांदा घातलेले सुकट बोटे चाटून खातात आणि त्या वासाने शेजारी खिडक्या लावून घेतो, तेव्हा मात्र त्यांना राग येतो! आपल्या बोंबलाला नाक मुरडणारा अडाणी, मग दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडणारे आपण कोण?

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता तर आम्ही तो व्यापाराच्या पानावर घेतला नसता. पण ज्याचा समुद्रावर संसार चालतो, त्याला दुसऱ्याची चव समजून घेणे हे धंद्याचे भांडवल आहे. आमच्या मते कोकणातील आपल्या मच्छीमार आणि मासळी व्यापारी बांधवांनी हे भांडवल अजून पुरते उभे केलेले नाही.

मासा मोलाचा कशाने होतो?

टोकियोचा जुना मासळी बाजार निहोनबाशी येथे होता. १९२३ च्या भूकंपात तो उद्ध्वस्त झाल्यावर त्सुकिजी येथे नवा बाजार उभा राहिला व १९३५ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथील घाऊक व्यवहार तोयोसू येथे हलवला गेला. २०१९ सालच्या तेथील पहिल्या लिलावात २७८ किलोचा एकच ब्लूफिन टुना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. नववर्षाच्या लिलावात जाहिरातीचा भाग असतो, हे खरे. तरी एरवीही तेथे चांगल्या मालाला चांगला भाव मिळतो आणि त्यामागे एक शिस्त आहे.

तेथे उत्तम प्रतीचा मासा पकडला की त्याच्या मेंदूत सळई घालून त्याला तत्काळ मारतात, रक्त काढून टाकतात आणि लगेच थंडाव्यात ठेवतात. तडफडत मेलेल्या माशाचे मांस लवकर बिघडते, हे ते पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. कच्चा मासा खाणाऱ्या गिऱ्हाइकापुढे मसाल्याचा आडपडदा नसतो. माल एक दिवस शिळा असला तरी पहिल्याच घासाला कळते. आपल्याकडे मात्र बर्फाचे पैसे वाचवले म्हणजे नफा झाला असे समजणारे महाभाग आहेत. शिळेपणा तिखटाखाली झाकता येतो, ही सवय घरच्या बाजारात खपते, परदेशी बाजारात नाही.

आपल्या ओळखीचाच मासा

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' हे पाणी. ते कोम्बू नावाचे शेवाळ आणि 'कात्सुओबुशी' यांपासून करतात. १९०८ मध्ये प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी याच कोम्बूमधून 'उमामी' या चवीचे मूळ शोधले आणि पुढच्याच वर्षी त्यावर आधारित मसाला बाजारात आला. कात्सुओबुशी म्हणजे स्किपजॅक जातीचा टुना, आपल्याकडच्या कुप्याचा भाऊबंद. तो उकडून, पुन्हा पुन्हा धुरी देऊन, त्याच्या उत्तम प्रकारावर मुद्दाम बुरशी चढवून वाळवतात. तो लाकडासारखा टणक होतो आणि सुताराच्या रंध्यासारख्या हत्याराने किसावा लागतो.

हे ऐकून अजब वाटते. पण आपल्याच लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरचे मुस्लिम बांधव हाच मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात सुकवून 'मास' करतात. बुरशीचा भाग तेवढा त्यात नाही. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूता यांनी धुरी दिलेल्या या माशाचे वर्णन करून ठेवले आहे आणि तो हिंदुस्थान, चीन व यमनपर्यंत जात असल्याची नोंदही केली आहे. म्हणजे ज्याला आपण 'जपानी विचित्रपणा' म्हणतो, त्याचा नातलग आपल्याच समुद्रात सहा-सातशे वर्षे व्यापार करीत आला आहे. आशियाचे ताट आपण समजतो तितके परके नाही.

चव तयार करता येते

आता उलट बाजू पाहा. जपानी माणूसही अनोळखी पदार्थाला बिचकतो. आज सुशीवर दिसणारा नारिंगी सॅमन हा जपानचा प्राचीन पदार्थ आहे असे अनेकांना वाटते. तसे नाही. त्यांच्या समुद्रातल्या सॅमनमध्ये जंताची भीती असल्याने ते तो शिजवूनच खात. नॉर्वेकडे पाळीव सॅमनचा माल साचू लागला, तेव्हा १९८५ मध्ये त्या देशाचे शिष्टमंडळ जपानला गेले. रंग बरोबर नाही, वास बरोबर नाही, असे म्हणून आचाऱ्यांनी नाके मुरडली. नॉर्वेचे लोक दहा वर्षे नेटाने बसले. माल स्वस्तात भाजण्यासाठी विकून टाकण्याचा मोह त्यांनी आवरला आणि तो कच्चा खाण्यासाठीच विकला जावा असा आग्रह धरला. १९५८ मध्ये ओसाकात योशिआकी शिराइशी यांनी सरकत्या पट्ट्यावरच्या सुशीचे दुकान काढले होते. पुढे पसरलेल्या अशा स्वस्त दुकानांतून हा मासा लहान मुलांच्याही आवडीचा झाला.

धडा सरळ आहे. चव जन्मजात नसते. चांगला माल, सबुरी आणि विश्वास असला तर ती घडवता येते.

कोकणाने काय करावे?

माकूल एकेकाळी आपल्या बाजारात फारसे कोणी विचारीत नसे. आज ते परदेशी जाते. राणी माशाचे मांस धुऊन, काटे काढून, गोठवून 'सुरिमी' होते, रत्नागिरीतही होते. त्यापासून जपानी 'कामाबोको' आणि खेकड्याच्या चवीच्या कांड्या बनतात. पण मासा बोटीवरून ज्या भावात उतरतो आणि तयार वस्तू ज्या भावात विकली जाते, त्यांतले अंतर आपल्या खिशात येत नाही. ते आणायचे तर पकडणाऱ्याच्या मुलाने प्रक्रिया, शीतगृह आणि तपासणी यांचे शिक्षण घेतले पाहिजे.

तपासणीकडे दुर्लक्ष किती महाग पडते हे २०१२ मध्ये दिसले. कोळंबीच्या खाद्यातील एथॉक्सिक्विन या द्रव्यासाठी जपानने ०.०१ पीपीएम ही कडक मर्यादा लावली आणि भारतीय कोळंबी अडकली. २०१४ मध्ये ती ०.२ पर्यंत सैल झाली, तोवर नुकसान होऊन गेले होते. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणेही घातक. २०२३ मध्ये चीनने जपानी मासळी बंद केली तेव्हा होक्काइदोचे शिंपलेवाले अडचणीत आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली तेव्हा आपले कोळंबीवाले हवालदिल झाले. जपान हाही सोन्याची खाण नव्हे. २००१ मध्ये तेथे माणशी सुमारे ४० किलो मासळी खपत होती, वीस वर्षांनी ती २३ किलोच्या आसपास आली. म्हणून अनेक ताटे ओळखणे हाच शहाणपणा.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली, आपल्या बाजारातला मासा कच्चा खाण्याचे धाडस कोणी करू नये. तेथेही जंत मारण्यासाठी मासा उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवण्यास सांगतात. दुसरी, मासा हलाल म्हणून सारे जपानी ताट हलाल ठरत नाही. 'मिरिन' ही गोड पाकासारखी दिसणारी वस्तू मद्यच आहे आणि ती रश्शात, चटणीत, कधी भातातही असते. विचारून खावे. माकूल-कोळंबीबाबत शाफई आणि हनफी बांधवांत मतभेद आहेत, त्याचा निवाडा उलमांकडे. व्यापाऱ्याचे काम एवढेच की वेष्टनावर खरे तेच लिहावे. मिरिनऐवजी दुसरी गोडी वापरून केलेल्या मालाला मुस्लिम गिऱ्हाईक जगभर आहे, हेही आपल्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

अनोळखी ताट समोर आले तर एक घास घ्या, नाही आवडला तर आदराने बाजूला ठेवा. पण तो कोणी केला, कशाचा केला आणि किती भावाने विकला, एवढे विचारल्याशिवाय उठू नका. आपले पूर्वज याच समुद्रावरून व्यापारासाठी गेले, ते परक्याच्या दस्तरखानावर बसायला लाजले नव्हते.