बी खावी, पण कोणती?

सध्या बियांना बरे दिवस आले आहेत. पुण्या-मुंबईच्या दुकानांत भोपळ्याच्या, टरबुजाच्या बिया चकचकीत पाकिटांतून विकल्या जातात आणि फळ खाऊन बी टाकणारे आपण कसे अडाणी, हे समजावणारे लेखही भरपूर निघतात. त्यांतले पोषणाचे गणित खोटे नाही. टरबुजाच्या सोललेल्या बीत पाव हिश्शाहून थोडी जास्त प्रथिने आणि निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. झाडाने पुढच्या रोपासाठी बांधून दिलेली ती शिदोरीच. पण ‘फळांच्या बिया खाव्यात’ या सरसकट वाक्याला बीड जिल्ह्यात बसून मान डोलावणे मला जड जाते. कारण आमचे नावाजलेले फळ म्हणजे सीताफळ.

बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर, धारूर-अंबाजोगाईच्या बाजूला, हे झाड कुणी न लावता, कुणी पाणी न घालता येते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याचा गर जितका गोड तितकी बी घातक. अख्खी गिळली गेली तर टणक कवचामुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते. ठेचली, कुटली की मात्र आतली विषारी द्रव्ये मोकळी होतात. ही बी वाटून उवांसाठी डोक्याला लावण्याची जुनी रीत आहे. ते वाटण डोळ्यात जाऊन बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला इजा झाल्याच्या नोंदी डोळ्यांच्या डॉक्टरांनी करून ठेवल्या आहेत. जे उवा मारते, पिकावरची कीड मारते, ते आपल्या पोटात अमृत होईल असे कसे समजावे? रबडीसाठी सीताफळ बियांसकट मिक्सरमध्ये फिरवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आता चिंचोका घ्या. तो खाण्याजोगा, प्रथिनांनी चांगला भरलेला. पण तसाच कुणी खात नाही. आधी भाजायचा, वरचे तपकिरी टरफल काढायचे, कारण तुरटपणा त्या टरफलात असतो, आणि मग दाढेखाली धरायचा. १९७२च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. घरात लाल मिलोची भाकरी आणि खिशात भाजलेले चिंचोके, एवढे मला पक्के आठवते. याच चिंचोक्याची खळ घोंगडीच्या सुताला लावत. पुढे बँकेच्या नोकरीत केजच्या बाजूला असताना वसुलीसाठी उन्हात वस्त्यावस्त्यांवर हिंडलो. दारोदारी बायका चिंचा फोडत बसलेल्या असत. चिंच एकीकडे, चिंचोका दुसरीकडे. मोंढ्यात त्याचा भाव वेगळा. आमच्या कर्जाच्या अर्जात मात्र म्हशीला रकाना होता, चिंचोक्याला नव्हता. असो.

सांगायचे ते हे, की बी आपोआप अन्न होत नाही. धुणे, वाळवणे, भाजणे, सोलणे, भिजवून पाणी टाकणे, या कष्टांतून ती अन्न होते, आणि हे कष्ट बहुतेक बायकांचे. कुठली बी थुंकायची हेही त्याच सांगत. पाकिटावरच्या तक्त्यात हे कुठेच छापलेले नसते.

आंब्याच्या कोयीचेच पाहा. तिच्यातल्या गरात पिष्ट भरपूर, चरबीही आहे. तो नीट प्रक्रिया करून सुपारीसारखा खाण्याची पद्धत आहे. ओडिशातल्या डोंगराळ भागातले आदिवासी कोयी साठवून पावसाळ्यात त्यांची पेज करतात. २००१ साली तिथे रायगडा जिल्ह्यातल्या काशीपूर भागात ही पेज खाऊन माणसे दगावली. सरकार म्हणाले विषबाधा, इतर म्हणाले भूकबळी, आणि वाद बराच काळ चालला. २०२४च्या नोव्हेंबरात कंधमाळ जिल्ह्यात पुन्हा तेच घडले, बायका गेल्या. साठवणीत ओल लागून बुरशी धरलेली कोय पोटात जाणे आणि घरात दुसरे काही नसणे, या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. तिच्यातल्या पोषणाचा तक्ता मात्र तेव्हाही बरोबरच होता.

आमच्याकडे सीताफळ पिकते त्याच सुमारास, दसरा-दिवाळीला, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत फडातच असतात. पहाटे अंधारात कोयता हातात घेणाऱ्या बाईला चिंचोके सोलायला वेळ कुठला? तिला बियांच्या पाकिटाचा सल्ला देणारे शेंगदाणा विसरतात. तीही बीच, स्वस्त, आणि तिच्या ओळखीची. जवस, कारळ, तीळ हे तर आमच्या भाकरीवरच्या चटणीत पूर्वीपासून आहेत. फडावरच्या मुलांसाठी अंगणवाडीतून मूठभर दाणे-गूळ नेमाने पोहोचला आणि सीताफळाच्या गराच्या प्रत्येक डब्यावर ‘बी वाटू नये’ एवढे तीन शब्द छापले गेले, तरी या बियांच्या चर्चेतून जिल्ह्याच्या पदरात काहीतरी पडेल.