रंगीत काच, शिसे आणि एक विसरलेला प्रश्न

नरपडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात एखादे जुने घर दुरुस्तीला काढले, की दारावरच्या रंगीत तावदानांचा प्रश्न येतोच. कारागीर मिळत नाही. मग घरातलेच कोणी तरी स्टेन्ड ग्लास शिकायला बसते. काचा, कटर, सोल्डर असे सारे साहित्य आता घरपोच येते. छंद उत्तम आहे. हात, डोळे आणि मन तिन्ही गुंततात. मात्र त्यात शिसे आहे, ही गोष्ट शिकवणीच्या पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

कोकणातल्या जुन्या घरांत रंगीत काचा बहुधा लाकडी चौकटीत लांबी भरून बसवलेल्या असतात. मुंबईत १८७८ साली पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरसारख्या इमारतींतल्या चित्रकाचा मात्र शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या आहेत. नवशिके सहसा काचेच्या कडांना तांब्याची चिकटपट्टी लावून सोल्डरने सांधे भरतात. नेहमीच्या सोल्डरमध्ये साधारण ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते.

लोकांना भीती वाटते ती धुराची. तो धूर मुख्यतः सोल्डरसोबत वापरल्या जाणाऱ्या फ्लक्सचा असतो. दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि धूर तोंडापासून दूर ओढणारा पंखा हवा. पण शिसे ३२७ अंशांना वितळत असले, तरी त्याची वाफ होण्यासाठी याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. त्यामुळे नवशिक्याच्या शरीरात ते मुख्यतः जाते हातावाटे. काम करता करता चहा घेतला, तळहातावर तंबाखू मळली, की बोटांवरचे शिसे पोटात गेले. शिशाच्या जुन्या पट्ट्यांवर दमट हवेने धरलेली पांढुरकी पूड आणि चौकटीचा जुना तेलरंग खरवडताना उडणारी धूळ तर अधिक घातक. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगांबाबत सावध राहिलेलेच बरे.

खरी काळजी आहे घरातल्या मुलांची. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांचे शरीर सुमारे दहावा हिस्सा शोषते. लहान मुलांचे निम्म्यापर्यंत. लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर शोषण आणखी वाढते. पालघर जिल्ह्यात कुपोषण आणि रक्तक्षय हे जुनेच दुखणे. शिसे स्वतःही हिमोग्लोबिन कमी करते. अशा मुलाला लोहाच्या गोळ्या मिळतील, पण फिकेपणामागचे दुसरे कारण तसेच राहील. बुद्धीवर होणारा परिणाम तर पुढे भरून निघत नाही. गर्भवतीच्या रक्तातले शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

उपाय साधे आहेत. सुरुवात शिसेमुक्त सोल्डरने करावी. त्याला उष्णता थोडी जास्त लागते, इतकेच. टेबल वेगळे ठेवावे, स्वयंपाकघरातले नको. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला काही लावू नये. जुना रंग कोरडा घासू नये. ओला करून काढावा. त्या वेळी मुले आणि गर्भवती यांनी तिथे थांबू नये.

जबाबदारी एकट्या शिकणाऱ्याची नाही. सोल्डरच्या वेष्टनावर मराठीत ठळक इशारा हवा. आणि डॉक्टरांनी एक जुना प्रश्न पुन्हा विचारायला हवा. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवरील ग्रंथात सांगितले होते, की रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा. आज त्यात छंदाचीही भर घालावी. पोटदुखी, बद्धकोष्ठता, थकवा, रक्तक्षय ही लक्षणे शंभर आजारांची असतात. रक्तातल्या शिशाची तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत येत नाही. ती मुद्दाम सांगावी लागते. डॉक्टरने विचारले नाही, तर रुग्णाने स्वतःहून सांगावे: घरी काचकाम चालते, जुना रंग खरवडला आहे. एवढ्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.