दहावीच्या पुस्तकात सिनेमा आहे, मग वर्गात का नाही?

राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातला सहावा धडा आहे 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास'. कीर्तन, भारूड, तमाशा, मराठी रंगभूमी असं करत धडा चित्रपटापर्यंत येतो. हे पुस्तक 2018 मध्ये आलं. म्हणजे कसाऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत राज्य मंडळाच्या शाळेत दहावी करणारा प्रत्येक विद्यार्थी कागदावर तरी सिनेमाचा अभ्यास करतो. अडचण एकच आहे. या अभ्यासासाठी एकही सिनेमा पाहावा लागत नाही. पहिला मूकपट कोणता, कोणी काढला, कोणत्या साली, एवढं पाठ असलं की काम झालं.

सिनेमा माध्यमिक शाळेत शिकवायला हवा, पण पाठांतराचा नव्हे तर पाहण्याचा, बोलण्याचा आणि करून बघण्याचा विषय म्हणून. आणि त्याची गरज मुंबईतल्या महागड्या शाळांपेक्षा शहापूर-मुरबाडच्या शाळांना जास्त आहे.

सिनेमा शिकणं म्हणजे काय?

सिनेमाची गोष्ट सांगणं म्हणजे सिनेमा शिकणं नव्हे. कॅमेरा कुठे ठेवलाय, तिथेच का ठेवलाय, काय दाखवलं आणि काय फ्रेमच्या बाहेर ठेवलं, आवाज कधी थांबला, हे प्रश्न विचारणं म्हणजे सिनेमा शिकणं.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला प्रसंग घ्या. जब्याचं कुटुंब डुक्कर पकडायला धावतंय आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर मात्र थांबत नाही. वर्गात हा प्रसंग दाखवून शिक्षकाने एवढंच विचारावं, 'इथे कोण कोणाचा मान ठेवतंय आणि कोणाचा मान कोणी ठेवत नाही?' नागरिकशास्त्राच्या एका तासात जे होत नाही ते दहा मिनिटांत होईल.

जगात हे नवीन नाही. फ्रान्समध्ये 1989 पासून 'कॉलेज ओ सिनेमा' हा उपक्रम चालतो. तिथे माध्यमिक शाळेतली मुलं शिक्षकांसोबत थिएटरात जाऊन निवडक सिनेमे पाहतात आणि परत येऊन त्यावर वर्गात काम करतात. ब्रिटनमध्ये दहावीच्या वयाची मुलं जीसीएसईला 'फिल्म स्टडीज' विषय घेऊ शकतात. तिथल्या एड्युकास मंडळाच्या अभ्यासक्रमात 70 टक्के गुण लेखी परीक्षेला आणि 30 टक्के प्रत्यक्ष निर्मितीला आहेत.

पण कसाऱ्यात कशाला?

आधी भूगोल पाहू. भारतात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो मुंबईत, 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्यानंतर फाळक्यांनी बस्तान हलवलं ते नाशिकला. मुंबई आणि नाशिकमधला रेल्वेमार्ग ज्या घाटातून जातो, त्याच्या पायथ्याशी कसारा आहे. भारतीय सिनेमाचं बालपण याच रुळांवरून ये-जा करत होतं. कसाऱ्याच्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

दुसरं कारण मोबाइल. घरात पुस्तक नसेल, पण फोन असतो. मुलं रोज तासन् तास हलती चित्रं पाहतात आणि ती कशी वाचायची हे त्यांना कोणीच शिकवलेलं नाही. डिजिटल डेस्कवर काम करताना हे पावसाळ्यात हमखास दिसतं. कुठल्या तरी डोंगरातला जुना दरडीचा व्हिडिओ 'आत्ता कसारा घाटात' म्हणून फिरायला लागतो. आवाज वेगळा चिकटवलेला, पाटी कापलेली. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशॉव्ह यांनी नटाचा एकच चेहरा एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी आणि एकदा शवपेटीशेजारी जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. व्हॉट्सॲपवरच्या निम्म्या खोट्या व्हिडिओंची युक्ती हीच आहे. ती पंधराव्या वर्षी कळली तर पन्नासाव्या वर्षी फसणं कमी होईल.

तिसरं कारण भाषा. या पट्ट्यातल्या आश्रमशाळांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली समाजाची मुलं शिकतात. घरची बोली एक, पुस्तकाची मराठी दुसरी. 'लेखकाचा दृष्टिकोन स्पष्ट करा' या प्रश्नापाशी अडणारी मुलगी 'त्या बाईने मागे वळून का पाहिलं असेल?' यावर बोलू शकते. आधी बोलणं, मग लिहिणं. सिनेमा त्या लिहिण्यापर्यंत नेणारा पूल होऊ शकतो.

'आधी वाचता येऊ दे, मग सिनेमा'

हा आक्षेप फालतू नाही. आठवीतल्या मुलाला धड परिच्छेद वाचता येत नसेल, तर शिक्षकाचा वेळ तिथेच जायला हवा, असं कोणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे. म्हणूनच सिनेमा वाचनाच्या जागी नको, वाचनासोबत हवा. साने गुरुजींचं 'श्यामची आई' आणि आचार्य अत्रे यांचा 1953 चा सिनेमा ही जोडी घ्या. याच सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं होतं. एक प्रकरण वाचायचं, तोच भाग पाहायचा, मग काय बदललं ते लिहायचं. पुस्तक पुन्हा उघडल्याशिवाय हा स्वाध्याय पूर्णच होत नाही.

खर्च, परवानगी, शिक्षक

प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही आज अनेक शाळांत आहे. तो बऱ्याचदा कुलपात असतो, एवढंच. आश्रमशाळेत मुलं निवासी असल्याने संध्याकाळचा वेळही मिळतो.

परवानगीचा बाऊ करायची गरज नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार शैक्षणिक उपक्रमाचा भाग म्हणून शाळेत सिनेमा दाखवता येतो. अट अशी, की प्रेक्षक शाळेतले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित लोकच असावेत. कोणता सिनेमा कोणत्या वयाला, यासाठी सेन्सॉर बोर्डाने 2024 पासून यूए 7+, 13+ आणि 16+ असे गट केले आहेत.

खरी उणीव शिक्षकांची आहे. पण पुण्यात 1960 पासून एफटीआयआय आहे, 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि दोघांच्या रसास्वाद शिबिरांना कित्येक दशकांची परंपरा आहे. प्रत्येक तालुक्यातून दोन शिक्षक तिथे पाठवणं राज्याला जड नाही.

मार्कांचं काय?

इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला परीक्षा विषयाचं काय करते हे वेगळं सांगावं लागत नाही. सिनेमाचा शंभर मार्कांचा पेपर काढला की 'अपेक्षित प्रश्नसंच' आलाच. नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद' हा श्रेणी विषय आधीच आहे. त्यातच जागा करावी. वर्षाला चार सिनेमे, प्रत्येकावर दोन पानं आणि गटाने केलेला तीन मिनिटांचा एक माहितीपट, एवढं पुरे.

माहितीपटासाठी विषय शोधायला लांब जायला नको. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, त्यांचं पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. हे आजवर शहरातून आलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवलं. हंडा उचलणाऱ्या मुलीने ते स्वतः शूट केलं तर फ्रेम वेगळी लागेल. विज्ञानासाठी फाळक्यांचंच उदाहरण आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित केलं होतं. आज तेच एका साध्या फोनवर जमतं.

यातून सगळे दिग्दर्शक होतील असं आमिष मात्र दाखवू नये. एफटीआयआयच्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलनासारख्या अभ्यासक्रमांना पदवी लागते आणि या धंद्यात स्थिर नोकरी दुर्मीळ आहे. मराठी शिकणारा प्रत्येक जण कवी होत नाही, तरी आपण मराठी शिकवतोच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं, की अभ्यास आणि अभ्यासेतर अशी भिंत नको. त्यानुसार राज्यात पहिलीपासून टप्प्याटप्प्याने पुस्तकं बदलत आहेत. नववी-दहावीची पाळी येईल तेव्हा सहाव्या धड्याखाली स्वाध्यायात एक ओळ वाढवावी: 'वर्गात एक चित्रपट पाहा आणि त्यावर चर्चा करा.' आणि तोवर शाळांनी प्रोजेक्टरचं कुलूप काढावं. त्यासाठी कोणत्याही जीआरची वाट पाहावी लागत नाही.