कुंपणाबाहेरचा ताळेबंद

धरमतरच्या खाडीपासून सावित्रीच्या मुखापर्यंतचा रायगडचा किनारा ज्यांनी डोळसपणे पाहिला आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको की, डोलवीचे पोलाद, थळचे खत, रोहे-धाटाव व महाड येथील रसायने आणि उत्तरेकडील न्हावा-शेव्याचे बंदर यांनी या जिल्ह्यास जी औद्योगिक प्रतिष्ठा मिळवून दिली, ती खाड्यांच्या, खारभूमीच्या आणि कोळीवाड्यांच्या शेजारातच उभी राहिली. आणि म्हणून पर्यावरण व समाज यांच्या संबंधातील आपली कामगिरी उद्योगाने कशी मोजावी, हा प्रश्न येथे केवळ संचालक मंडळाच्या विचाराचा राहत नाही.

मोजमापाची प्रथा आपल्याकडे रुजू लागली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ‘सेबी’ने २०२१ च्या मे महिन्यात व्यावसायिक उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाचा नमुना ठरवून दिला, २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांस तो सक्तीचा केला, आणि पुढे त्यातील मुख्य आकड्यांची त्रयस्थाकडून रुजवात घेण्याचे बंधनही टप्प्याटप्प्याने घातले. तिकडे युरोपीय संघाने पोलादासारख्या आयात मालाच्या कार्बनचा हिशेब ऑक्टोबर २०२३ पासून मागावयास आरंभ केला. परंतु विकसनशील देशांत हा हिशेब बहुधा परदेशी ग्राहक, कर्ज देणारी संस्था आणि भांडवल बाजार यांच्या तगाद्याने येतो, आणि ज्याचा तगादा त्याच्याच प्रश्नाचे उत्तर वहीत चढते. शेजाऱ्याला तगादा लावण्याचा अधिकार कोणी दिलेला नाही, म्हणून त्याचा प्रश्न कुंपणाबाहेरच राहतो.

पाण्याचेच पाहा. उलाढालीच्या दर रुपयामागे किती पाणी खर्ची पडले, हा आकडा अहवालात द्यावा लागतो. मालाचा भाव चढला की थेंबभर पाणी न वाचवताही हा आकडा सुधारतो. शिवाय तो बहुतांशी संपूर्ण कंपनीचा असतो, त्यामुळे निरनिराळ्या प्रांतांतील कारखान्यांची बेरीज होऊन एका खाडीचे काय झाले ते त्यात विरून जाते. खाडीच्या दृष्टीने महत्त्व आहे ते एकूण किती सांडपाणी, कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळेस सुटले याला. ओहोटीबरोबर सोडलेले पाणी समुद्राकडे निघून जाते; तेच भरतीच्या तोंडावर सोडले तर उलट आत चढून, बोकशीच्या जाळ्यांतून खारबांधापर्यंत पोहोचते. आणि भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाण्याची ये-जाच मंद असते, तेव्हा ते तेथेच रेंगाळते. जिताडा आणि कोळंबी ज्या पाण्यात वाढतात, निवटी ज्या चिखलात राहते, तेथील माणसाला हे शिकवावे लागत नाही. अहवालाच्या नमुन्यात मात्र भरती-ओहोटीसाठी रकाना नाही.

अशी हानी मोजता येत नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर, तेल व नैसर्गिक वायू महामंडळ आणि सिडको यांनी १६३० मच्छीमार कुटुंबांस ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. उपजीविकेच्या नुकसानीचा आकडा काढता येतो, हे तेथे सिद्ध झाले. परंतु तो निघाला तो हानी होऊन गेल्यानंतर, आणि दाद मागणाऱ्यांच्या चिकाटीमुळे. तोच हिशेब दरसाल उद्योगाच्या दप्तरात का होऊ नये?

महाड-रोह्याच्या लहान कारखानदारांवर नव्या नमुन्यांचे ओझे घालावे, असे मी म्हणत नाही. बाजारात नोंदणी नसलेल्यांस सेबीचा नियम लागूही नाही. त्यांच्यासाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या मुखाशी संपूर्ण वसाहतीचे एकच मोजमाप व्हावे आणि त्याचा खर्च वसाहतीने वाटून घ्यावा, हेच न्याय्य. मोठ्या कंपन्यांनी मात्र प्रत्येक कारखान्याचा तपशील, तो ज्या खाडीकाठी आहे तिच्या नावाने, स्वतंत्र द्यावा. मच्छीमार सहकारी संस्थांना आपल्या मासळीची नोंद त्याशेजारी मांडू द्यावी, आणि बांधाला खांडी पडून खारे पाणी भातशेतीत शिरले असेल तर तेही तेथेच नोंदवावे. हा तपशील मराठीत छापून ग्रामपंचायतीत व संस्थेच्या कचेरीत ठेवावा, आणि त्यावर तेथल्या लोकांची हरकत असल्यास ती कंपनीच्या उत्तरासह पुढील वर्षाच्या अहवालात जशीच्या तशी यावी.