ग्रहण आणि बाळाचा कान

१९५६ साली आदिलाबाद आंध्रात गेले, २०१४ साली तेलंगणात. पैनगंगेपलीकडच्या तिथल्या मराठी घरांत विळी म्हणतात, आपल्या गोव्यात आदोळी. पण खुळी समजूत एकच. गरोदर बाईने ग्रहणात ती हाती घेतली, म्हणे, म्हणून बाळाचा कान तुटका!

मी कलाशाखेचा कारकून, वैद्य नव्हे. पण १९५२ साली मॉरिस गोल्डनहार या डॉक्टरने वर्णिलेल्या विकाराविषयी वाचता तर येते: कान अर्धवट, जबडा लहान, बुबुळाच्या कडेला मांसल गाठ. ही घडण गर्भाच्या पहिल्या दोनेक महिन्यांतच बिघडते, बहुधा घराण्यात पूर्वी कुणाला नसताना. यात आईचा काय अपराध?

आपण तिला बोल लावत बसतो आणि बाळाची श्रवणचाचणी राहून जाते. ऐकू न आल्याने बोलणे मागे पडले, की मूल ‘मंद’ ठरवून मोकळे! बुद्धी बहुधा शाबूत असते. आतला कान चांगला असेल, तर हाडातून ध्वनी पोचवणारे यंत्र तान्ह्यालाही डोक्याच्या पट्टीवर लावता येते. जन्मजात व्यंगे हेरण्यासाठी २०१३पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे.

बारशाला गेलात तर बाळंतिणीला ग्रहणाचे विचारू नका. बाळाचे कान तपासले का, एवढेच विचारा.