केसभर मागे, केसभर पुढे

दिवाळीत सगळे जग दिवे लावण्याच्या गडबडीत असते, आणि आम्ही दुर्बीणवाले मात्र ते केव्हा मालवतात याची वाट पाहत गच्चीवर बसलेले असतो. वाचकांनी याला अरसिकपणा समजू नये. लक्ष्मीपूजन येते आश्विनाच्या अवसेला. त्या रात्री चंद्राचा पत्ता नसतो, पावसाने हवेतली धूळ धुऊन काढलेली असते आणि थंडीने अजून दातखिळी बसवलेली नसते. पुढे कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या शेजारी जाऊन उभा राहतो. महिन्याला कार्तिक हे नाव पडले तेच मुळी त्यामुळे. फराळाची ताटली मांडीवर घेऊन आकाश पाहावे, असा हा पंधरवडा.

त्यातून आमचा बीड जिल्हा. इथे पाऊस हात आखडून पडतो. शेतकऱ्याच्या जिवावर उठलेले हे दुखणे दुर्बीणवाल्याच्या मात्र पथ्यावर पडते, हे सांगताना जीभ थोडी अडखळतेच. अंबाजोगाई, धारूर, पाटोदा या बालाघाटाच्या माथ्यावरच्या भागात गावाबाहेर थोडे दूर गेले, की आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे त्याला ढग समजतात.

दुर्बीण दिसली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "यातून किती लांबचं दिसतं हो?" लांबचे तर नुसत्या डोळ्यांनीही दिसते. देवयानी दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर आहे, आणि अंधाऱ्या रात्री ती बिनदुर्बिणीची दिसते. खरा प्रश्न स्पष्ट दिसते का, हा आहे. आणि त्याचे उत्तर दुर्बिणीच्या एका लहानशा अवयवावर अवलंबून असते. ज्या भिंगाला आपण डोळा लावतो ती नेत्रिका, आणि ती नेत्रिका धरणारी नळी पुढेमागे सरकवतो तो फोकसर. आज त्याचेच पुराण लावतो आहे.

माझ्या दुर्बिणीचा आरसा आठ इंची आहे. तो बाराशे मिलिमीटर अंतरावर प्रतिमा तयार करतो. हिशेब केला तर प्रतिमा उत्तम दिसण्यासाठी नेत्रिका नेमक्या जागेपासून ०.०४ मिलिमीटर मागे किंवा तेवढीच पुढे, एवढ्यातच असावी लागते. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर असते. म्हणजे सारी मुभा काय ती जेमतेम एका केसाएवढी! आणि आमच्याकडच्या रात्री तर अशा, की संध्याकाळी अंगात सदरा नकोसा होतो आणि पहाटे घोंगडी लागते. पारा दहा अंशांनी उतरला, की अॅल्युमिनियमची बाराशे मिलिमीटर लांबीची नळी आकसून पाव मिलिमीटरहून अधिक आखूड होते. संध्याकाळी बसवलेला फोकस मध्यरात्री तीन-चार केस चुकलेला असतो.

तो हाताने सुधारायचा म्हणजे एक कसरत असते. नॉबला बोट लागले की सारी दुर्बीण थरथरते आणि शनी जत्रेतल्या पाळण्यासारखा झुलू लागतो. तो स्थिर होईपर्यंत तीन-चार सेकंद थांबावे, तोवर कळते की आपण जरा पुढे गेलो. पुन्हा बोट, पुन्हा थरथर. यावर उतारा म्हणजे फोकसरला मोटर लावणे. बाजारात तयार मिळते ती मोटर मी आणली. दोन बटणांचा डबा हातात धरायचा. एक बटण दाबले की नळी आत, दुसरे दाबले की बाहेर. दुर्बिणीला हात लावायचे काम नाही.

यावर घरातून शेरा आला, "स्वयंपाकघरातल्या पंख्याची मोटर दोन महिने बंद आहे, तिच्याकडे बघायला वेळ नाही!" मी म्हटले, अहो, २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब नावाची दुर्बीण अवकाशात गेली. ती आपल्यापासून पंधरा लाख किलोमीटरवर आहे. तिच्या आरशाचे अठरा तुकडे आणि समोरचा लहान आरसा जागेवर आणायला एकशे बत्तीस यांत्रिक हात आहेत, प्रत्येकाला मोटर. माझी तर एकच आहे! यावर उत्तर मिळाले, "त्यांच्या घरचे पंखे चालू असतील." (पंखा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला, हे सांगितले पाहिजे.)

ही तयार मोटर माझ्या एकट्याच्या डोळ्याला उत्तम होती. पण दुर्बीण घरापुरती राहत नाही. शेजारची मुले येतात, मग शाळा बोलावतात, मग गावे. आणि तिथे एक निराळीच अडचण उभी राहते. प्रत्येकाचा डोळा वेगळा असतो.

वेधशाळेत हा प्रश्न नव्हता. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हाची गोष्ट. नवाब जफर जंग या हौशी सरदाराने १९०१ साली हैदराबादेत वेधशाळा थाटली. इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण मागवली. १९०८ साली निजाम सरकारने ती संस्था हाती घेतली, आणि निजामिया वेधशाळेच्या लोकांनी पुढे वर्षानुवर्षे ताऱ्यांची छायाचित्रे घेऊन त्यांच्या याद्या केल्या. छायाचित्राच्या काचेला फोकस एकदा जुळवला, की जुळला. काच काही चष्मा विसरून येत नाही. आमच्या रांगेत मात्र चाळीस माणसे, म्हणजे चाळीस प्रकारचे डोळे. माझ्या डोळ्याला सुरेख दिसणारा चंद्र दुसऱ्याला पिठाच्या गोळ्यासारखा दिसतो. आणि आपली माणसे भिडस्त! आत डोकावतात, "दिसलं दिसलं, छान आहे," म्हणतात आणि पुढे होतात. काहीही न दिसता आभार मानून गेलेली माणसे मी किती पाहिली असतील, याची मोजदाद नाही.

तेव्हा मी दोन बदल केले. पहिला बदल, बटणांच्या डब्याची वायर लांब केली आणि डबा पाहणाऱ्याच्या हातात दिला. आपला फोकस आपणच जुळवावा. दुसरा बदल मोटरचा. एअर कंडिशनरची झडप वर-खाली करणारी एक स्वस्त, पाच व्होल्टवर चालणारी स्टेपर मोटर असते. ती सरसर फिरत नाही, पावले टाकते. एका फेऱ्यात २०४८ पावले. मोबाइलच्या पॉवर बँकेवर ती चालते. लेथवाल्याकडून एक पट्टी करून घेतली, फोकसरचा एका बाजूचा नॉब काढला आणि त्या दांड्यावर ही मोटर चढवली. माझ्या फोकसरची नळी एका फेऱ्यात सुमारे वीस मिलिमीटर सरकते. म्हणजे एक पाऊल जवळजवळ मिलिमीटरचा शंभरावा भाग. पावले मोजून आकडा दाखवणारा लहानसा पडदा बसवला आणि उजेडाने डोळे दिपू नयेत म्हणून त्यावर लाल जिलेटिनचा कागद डकवला.

आकड्याचा शून्य कुठे धरायचा? माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. आत बसवलेले भिंग दूरचे पाहण्यासाठीच आहे. ते जवळ-दूर असे काही करत नाही. तो माझा शून्य. हवा गार होईल तसा हा शून्य सरकतो, म्हणून दर तासाला नवा घ्यावा लागतो. आणि एक नियम प्रत्येकाला सांगतो: नळी आधी पूर्ण बाहेर न्या, मग हळूहळू आत आणा, आणि पहिल्यांदा स्पष्ट दिसेल तिथे थांबा. याने दोन कामे होतात. चाकांच्या दात्यांत थोडी ढील असते, ती एकाच बाजूने आल्यामुळे मोजणीत लुडबुड करीत नाही. शिवाय लहान मुलांचे डोळे फार लवचीक. उलट बाजूने आले तर ते ताण देऊन कसेही जुळवून घेतात आणि आकडा खोटा ठरतो.

हा आकडा मी ठेवला तो रांग लवकर सरकावी म्हणून. त्याचा खरा उपयोग मागच्या नवरात्रात कळला.

पाटोदा तालुक्यातल्या एका खेड्यात अष्टमीच्या संध्याकाळी दुर्बीण लावली होती. अर्धा चंद्र, शाळेचे पटांगण, मुलांची ही झुंबड. दसरा झाला की या गावातली निम्मी घरे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लेकरेही बरोबर. बहुतेक मुलांचा आकडा शून्याच्या आसपास येत होता. पाचवीतली एक मुलगी डबा घेऊन बसली ती बटण सोडीचना. आकडा शंभर झाला, दीडशे झाला. मागची मुले ओरडू लागली. दोनशेच्या जरा पुढे गेल्यावर ती थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, चंद्राला खड्डे हायेत!"

पंचवीस मिलिमीटरच्या नेत्रिकेत चष्म्याच्या एका नंबराला माझ्या मोटरची साठ-पासष्ट पावले पडतात. दोनशे म्हणजे सुमारे तीन नंबर, आणि नळी आत गेली म्हणजे उणे. मुलीच्या नाकावर चष्मा नव्हता.

तिचे वडील भिंतीशी उभे होते. मी विचारले, अभ्यासात कशी आहे? ते म्हणाले, "पैली-दुसरीला हुशार होती. आता फळ्यावरलं काईच उतरून घेत नाई. मन नाई तिचं शाळेत. औंदा संगं नेतो. कोपीवर धाकट्याला सांभाळील." बोलण्यात राग नव्हता, ठरून गेलेली गोष्ट ते सांगत होते.

मी पडद्यावरचा आकडा दाखवला आणि त्याचा अर्थ सांगितला. माझा आकडा हा काही डॉक्टरचा कागद नव्हे, पण जाण्यापूर्वी डोळे तपासून घ्या, एवढेच म्हणालो. आजी मध्येच म्हणाली, "इत्तुशा पोरीला चष्मा? उद्या सोयरीक कोण करील?" मी म्हटले, "आजी, १९९० साली अमेरिकेने आकाशात एक दुर्बीण सोडली, हबल नावाची. कोट्यवधींची वस्तू, पण तिला अंधुक दिसायला लागलं. १९९३ साली माणसं वर गेली आणि तिला चष्मा लावून आली. त्यानंतर तिनं जे पाहिलं ते सगळं जग बघतंय. चष्म्यानं तिची किंमत वाढली." आजी काही बोलली नाही. वडील मात्र दुर्बिणीजवळ आले, डबा हातात घेतला आणि स्वतः डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा आकडा शून्याला चार पावले कमी.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मुलीचे डोळे तपासले. एका डोळ्याला उणे तीन, दुसऱ्याला उणे सव्वातीन. आई-वडील कारखान्याला गेले. मुलगी गावातच राहिली. धाकटाही आजीनेच ठेवून घेतला, आणि म्हातारीच्या कमरेला ते वर्ष जड गेले, हेही सांगायला हवे. मुलीचा काही पहिला नंबर आला नाही. ती तिसऱ्या बाकावरून फळा वाचते. यंदा ती सहावीत आहे.

तेव्हा या दिवाळीत आपल्या आसपास कुणी दुर्बीण लावली असेल, तर मुलांना जरूर न्या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, मुंबईचे खगोल मंडळ १९८० नंतरच्या दशकापासून हे काम करीत आले आहे, आणि गावोगावी माझ्यासारखे हौशी आहेतच. तिथे गेल्यावर भीड ठेवू नका. अंधुक दिसले तर अंधुक म्हणा, आणि फोकस आपल्या हातात मागून घ्या. साधा उणे-अधिक नंबर असेल तर चष्मा काढून पाहिले तरी चालते. नळी तेवढी सरकवावी लागते. सिलिंडरचा नंबर असेल त्यांनी मात्र चष्मा काढू नये, ती चूक फोकसरने सुधारत नाही. आणि आपले मूल इतरांपेक्षा फार वेगळ्या जागी थांबत असेल, तर फराळाची गडबड आटोपली की त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. दुर्बीणवाले जे असतील त्यांनी मोटरला एक आकडा जरूर जोडावा. खर्च चार फुलबाज्यांच्या डब्यांहून फारसा जास्त नाही, आणि लेथवाला ओळखीचा असेल तर पट्टीचे पैसे तो घेतही नाही. त्याला चंद्र दाखवला म्हणजे झाले.